चौऱ्याऐंशी हप्ते, छत्तीस महिने

पहाटे साडेपाच

मंदिराची घंटा वाजली की मला जाग येते. समर्थ रामदासांचा जन्म आमच्या जांबचा, १६०८ सालच्या रामनवमीचा. त्यामुळे नवमी जवळ आली की गावच्या रस्त्यावर पुण्याच्या, साताऱ्याच्या, नांदेडच्या पाट्या दिसायला लागतात. यंदा नवमी नऊ दिवसांवर आली आहे. चैत्राचं ऊन, लांबचा पल्ला, गाडीत दाटीवाटीनं बसलेली माणसं आणि टपावर बोचकी. या दिवसांत मिस्त्रीकडे इंजिन तापल्याची कामं सगळ्यात जास्त येतात.

चहा घेता घेता फोन बघितला. रात्री पावणेबाराला एका पोरानं व्हिडिओ पाठवलेला. गाडी उभी, इंजिन चालू, मागून निळा धूर सलग. खाली लिहिलं होतं, "मिस्त्री, वॉरंटी दोन महिन्याखाली संपली. आता पैसे कोण देणार?"

निळा धूर म्हणजे तेल जळतंय, एवढं त्या व्हिडिओवरून कळलं. पैसे कुणी द्यायचे ते कळत नाही. बावीस वर्षं पाना हातात आहे आणि हा प्रश्न मला पगारदार मास्तरांनी विचारलाय, ऊसतोड मुकादमानं विचारलाय, काळी-पिवळीवाल्यांनी तर दर हंगामात विचारलाय. माझं उत्तर ठरलेलं आहे. तारीख बघून ठरवू नका, तुटलेला भाग बघून ठरवा. कंपनीच्या कागदावर दिवस आणि किलोमीटर मोजलेले असतात, पण लोखंड कोणत्या कारणानं गेलं हे त्या कागदाला ठाऊक नसतं. ते लोखंडावरच उमटलेलं असतं. त्याला लिहिलं, "गाडी चालू करू नको. टोचन लावून आण. येताना सर्व्हिसचे सगळे कागद आण."

सकाळी सात

माझं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, दारात कडुलिंब, आत एक खड्डा आणि मागच्या भिंतीला लोखंडी मांडणी. त्या मांडणीवर मेलेले पार्ट ठेवलेत. प्रत्येकाला तारेनं चिठ्ठी बांधलेली आहे: कोणती गाडी, किती किलोमीटर, कशानं गेला. नवीन पोरगं कामाला आलं की पहिले आठ दिवस मी त्याला मांडणीसमोर बसवतो.

शटर उघडायच्या आधीच मोसंबीची पिकअप दारात उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, चार वाजता परतूरला निघालो. गावाबाहेर पडलो न् तेलाचा दिवा लागला. तिथंच बंद केली. टोचन लावून आणली."

खड्ड्यात उतरलो. चेंबरच्या बोल्टभोवती सगळं ओलं. परवा तेल बदललं तेव्हा तांब्याचा वायसर नवा टाकायचा राहून गेला होता. काम माझ्या हातचं होतं, कामावरच्या पोराच्या नाही. साडेपाच लिटर तेल आणि एक वायसर माझ्या खात्यातून टाकलं. त्याची मोसंबी दुसऱ्या गाडीत भरून पाठवली, तिचं भाडंही मीच दिलं. दिवा लागल्या लागल्या त्या माणसानं गाडी बंद केली म्हणून एवढ्यावर भागलं. आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर क्रँक धरला असता आणि तो खर्चही माझाच झाला असता.

दहा वर्षांपूर्वी एका गाडीचा टायमिंग बेल्ट मी एका दातानं चुकवला होता. चालू करताच वॉल पिस्टनला धडकले, वाकले. गाडीवाल्याला तसं कळलं नसतं. जुनी गाडी, गेली म्हणून सांगता आलं असतं. मी सांगितलं, माझ्या हातानं झालं. चोवीस हजार लागले, महिन्याला तीन हजार असे आठ महिने फेडले. तो माणूस आजही माझ्याकडेच येतो. ज्याच्या हातानं मोडलं त्यानं भरावं, हे कंपनीला सांगायचा हक्क मला त्या आठ महिन्यांमुळे मिळालाय असं मी मानतो.

नऊ

निळ्या धुराची गाडी ट्रॅक्टरच्या मागं टोचन लावून आली. सात सीटची डिझेल. पोरगं तिशीच्या आतलं, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. सोबत वडील. वडलांचं डायलिसिस जालन्यात चालू आहे, आठवड्याला दोन खेपा. गाडी त्यासाठीच घेतली.

त्यानं फाइल पुढं केली. अकरा लाखांची गाडी. वॉरंटी छत्तीस महिने किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी भरेल ते. गाडीला अडतीस महिने झालेत आणि फिरलीय ७१ हजार. बँकेचे हप्ते चौऱ्याऐंशी.

मी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले. बँकेला सात वर्षं गाडीचा भरवसा वाटतो. बनवणाऱ्याला तीनच वर्षं वाटतो. मधली चार वर्षं गाडी कुणाच्या भरवशावर चालायची? या पोराचे अजून सेहेचाळीस हप्ते बाकी आहेत. सर्व्हिस सेंटरनं फोनवरच सांगितलं होतं, टर्बो गेला, मजुरी धरून त्रेसष्ट हजार, वॉरंटी संपलेली आहे.

"तुम्ही खोला ना मिस्त्री," तो म्हणाला. "तिथल्यापेक्षा स्वस्तात व्हईल."

झालं असतं. जालन्याहून रिकंडिशन टर्बो मागवला असता, पंचवीस-तीस हजारांत गाडी रस्त्यावर आली असती आणि माझीही चार दिवसांची मजुरी सुटली असती. पण मी पान्याला हात लावला नाही. त्याला मांडणीजवळ नेलं आणि तीन टर्बो खाली काढून त्याच्यासमोर ठेवले.

पहिल्याच्या हवेकडच्या चक्राची पाती बघ म्हटलं. कडा झिजून पातळ झाल्या होत्या, वापरून वापरून विळ्याची धार उतरते तशा. बोट फिरवलं की खरखर लागते. ही धुळीची खूण. एअर फिल्टरची क्लिप नीट बसली नव्हती, फाट्यावरची सगळी माती आत ओढली गेली. हा खर्च मालकाचा, नाहीतर फिल्टर बसवणाऱ्या मिस्त्रीचा.

दुसऱ्याची पाती शाबूत, पण मधला दांडा निळा-काळा पडलेला. लोहाराच्या भट्टीतून निघालेलं लोखंड असतं तसा रंग. दांड्याला तेल पोचलं नाही. तेल वेळेवर बदललं नव्हतं, त्याचा गाळ होऊन बारीक नळी बुजली. हा दांडा मिनिटाला लाखभर आणि त्याहून जास्त फेरे घेतो, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. तो पापुद्रा तुटला की काही सेकंदांत खेळ संपतो. हाही मालकाचाच.

तिसरा हातात दिला. पाती चकचकीत, दांडा पांढरा, तेलाची नळी मोकळी. फक्त बेअरिंग एका अंगानं खाल्लेलं. दांडा बोटानं हलवला की एका बाजूला डुलतो. चिठ्ठीवर कारणाच्या जागी मी काहीच लिहिलेलं नाही. बाहेरून आलेलं एकही कारण मला सापडलं नाही. भाग मुळातच वाकडा बसला होता, एवढंच उरलं. त्या गाडीची वॉरंटी पाच आठवड्यांपूर्वी संपली होती. माणसानं कानातलं मोडून पैसे आणले, नवा टर्बो टाकला आणि हा जुना माझ्याकडेच सोडून गेला. तेव्हा मला ग्राहक कायदा ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर बायकोचं कानातलं मोडायच्या आधी मी त्याला थांबवलं असतं. तो टर्बो मी अजून भंगारात घातलेला नाही.

"तुझा टर्बो या तिघांपैकी कोणता, ते खोलल्याशिवाय कळायचं नाही," मी म्हटलं. "आणि मी खोलला की कंपनी म्हणणार, मिस्त्रीनंच बिघडवला. पुरावा तुझ्या बॉनेटखाली आहे. त्याला कुणाचा हात लागू देऊ नको."

मग त्याची फाइल वाचली आणि आजच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सापडली. ४१ हजारांच्या सर्व्हिसला जॉब कार्डवर त्यानंच लिहायला लावलेलं: पिकअप कमी, शिट्टीसारखा आवाज. समोर शेरा, तपासले, ठीक आहे. ५८ हजारांना पुन्हा तीच शिट्टी. शेरा, नॉर्मल आवाज. दोन्ही तारखा वॉरंटीच्या आतल्या. तेल प्रत्येक वेळी वेळेवर बदललेलं, फिल्टर त्यांच्याच हातचा. टर्बोची शिट्टी वाढणं म्हणजे दांडा डुलायला लागल्याची हाळी असू शकते. हे मला कळतं, तर रोज तेच काम करणाऱ्यांना कळायला हवं होतं.

दुखणं वॉरंटीत सुरू झालं, तक्रार वॉरंटीत नोंदली, मेलं फक्त वॉरंटीनंतर. अशा वेळी बिल कंपनीनंच भरलं पाहिजे. माझ्या मनात याबद्दल दुमत नाही.

म्हातारा इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "पण बाबा, मला सोमवारी जालन्याला जायचंय."

त्याला उत्तर कोणत्याच कायद्यात नव्हतं. सोमवारी मी माझी गाडी देतो म्हटलं.

अकरा

काळी-पिवळी जीप आली, तीही टोचनवर. परतूर-जांब फेऱ्या मारते, मालक वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा. सहा वर्षांची गाडी, वॉरंटी कधीच संपलेली. इथं कंपनी वादातच नाही. वाद गावातल्या दोन माणसांत आहे.

डिपस्टिक ओढली. तेल दुधाळ, घट्ट चहासारखं. पाणी तेलात गेलं होतं. पोराला म्हटलं, हेड उतरव. तासाभरात हेड बाकड्यावर आलं. गास्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे जळालेलं, अंगठ्याएवढा काळा डाग. हेड पुसून काढलं, वर सरळ पट्टी आडवी धरली आणि फिलर गेजची पाव मिलिमीटरची पात मधोमध घातली. ती अडली नाही. हेड वाकलं होतं.

आता कारण शोधायचं. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गळायला लागलं की तिथून पाणी ठिबकतं, माणसाला कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. त्या छिद्राखाली गंजाचा ओघळ वाळून बसला होता. एका दिवसाचा नव्हता, दोन-तीन आठवड्यांचा तरी. पंप खोलला तर पंख्यावर पांढरा थर. रेडिएटरची वरची टाकी बघितली, नळ्यांची तोंडं चुनखडीनं निम्मी बुजलेली. हेडच्या पाण्याच्या वाटेत पेचकस फिरवला तर खपल्या पडल्या.

आमच्या भागात बोअरचं पाणी कसं आहे ते सांगायला नको. त्यात डाळ शिजत नाही, तव्यावर थेंब पडला तर पांढरा डाग राहतो. ते पाणी सहा वर्षं इंजिनात उकळत होतं. कूलंटचा हिरवा-लाल कसलाच रंग नव्हता.

ड्रायव्हर लिंबाखाली उकिडवा बसला होता. मी विचारलं, "भाऊ, काटा बघितला नव्हता का?"

"बघितला की. वर गेला व्हता. मी म्हणलं फाट्यावर थांबावं, मागं अकरा सीटा, एक बाळंतीण. तेवढ्यात काटा खाली आला. वाटलं, निवली."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. पाण्याचा काटा दाखवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच उरलं नाही की तो मोकळ्या जागेत लोंबकळतो आणि काटा खाली येतो. इंजिन लालभडक झालेलं असतं आणि काटा सांगतो सगळं ठीक. नव्या ड्रायव्हरला हे कुणी शिकवत नाही, जुन्यांनाही ठाऊक नसतं.

"आणि पाणी किती दिवसांपासून घालत व्हता?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पंधरा दिवस झाले आसतील. दर दोन दिवसाला तांब्याभर लागायचं."

"मालकाला सांगितलं?"

तो काही बोलला नाही.

दीड

डबा खाताना पंपासाठी जालन्याला फोन केला. कंपनीचा पंप ३,२०० रुपये, आज नाही, चार दिवसांनी. बाजारातला सोळाशेला, आत्ता मिळतो. मी कंपनीचाच सांगितला. वॉरंटी संपल्यावर गाडी मालकाची होते म्हणतात, पण तिचे पार्ट आणि तिचं स्कॅनर अजून कंपनीच्याच मुठीत असतात. आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांना ही अडचण रोजचीच. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना याच कारणासाठी २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल पार्ट, दुरुस्तीची पुस्तकं, तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्यायची नाहीत आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी रद्द म्हणायचं, ही रीत आयोगाला मान्य झाली नाही. प्रकरण पुढं अपिलात गेलं. आमच्या फाट्यावर पंप अजून चार दिवसांनी येतो.

जेवण होईतो आणखी एक फोन आला. सेकंडहँड गाडी, स्टँप पेपरवर "जशी आहे तशी" लिहून घेतलेली, सतराव्या दिवशी गिअर बॉक्स गेला. त्याला एवढंच सांगू शकलो की पुढच्या वेळी आधी मिस्त्रीला दाखव, मग सही कर. गिअर बॉक्सचे पैसे त्याचेच जाणार. सही करताना त्यानं खालचं वाचलं नव्हतं आणि गाडी पंधरा किलोमीटरसुद्धा चालवून बघितली नव्हती.

तीन

जीपचे मालक आले. साठीचे, गावात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. दोन जीप, चार एकर मोसंबी. बाकड्यावरचं हेड बघितलं आणि थेट ड्रायव्हरकडे वळले.

"काटा वर गेला तं थांबता येत न्हवतं? सीटा महत्त्वाच्या का गाडी?"

"मालक, काटा खाली आल्ता."

"काटा आपोआप खाली येतो व्हय रे? कामून खोटं बोलतो?"

"येतो, आण्णा," मी म्हणालो आणि सेन्सर काढून त्यांच्या हातात दिला. पातेल्यात गरम पाणी घेतलं, मीटरला तारा जोडल्या, सेन्सर पाण्यात धरला. आकडा सरकला. बाहेर काढला. आकडा परत मागं आला. आण्णांनी स्वतः दोनदा करून बघितलं. त्यानंतर खोटं हा शब्द त्यांनी वापरला नाही.

बिल मी कागदावर मांडलं. पंप ३,२००, गास्केट संच ४,५००, हेडचं फेसिंग आणि वॉल बसवणं ३,५००, तेल-फिल्टर ३,८००, रेडिएटर २,५००, मजुरी ६,०००. एकूण २३,५००.

आमच्याकडे रीत अशी की पंक्चर-तेल ड्रायव्हरचं, इंजिन मालकाचं. पण रीत सांगते काय मोडलं तर कुणी भरावं. कुणामुळं मोडलं हे ती विचारत नाही. आण्णांचं म्हणणं, निम्मं-निम्मं. निम्मं म्हणजे ११,७५०. त्या ड्रायव्हरची महिन्याची कमाई जवळजवळ तेवढीच, आणि गाडी उभी आहे तेवढे दिवस तीही नाही.

"कंपनीवर केस टाकता येती का?" आण्णांनी विचारलं.

नाही म्हटलं. सहा वर्षांची गाडी, पाणी आपलं. शिवाय ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला सूट आहे. रिक्षा किंवा ट्रक स्वतः चालवणारा ग्राहक ठरतो, पण गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्याच हातात दिली तर ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात सांगून ठेवलंय. म्हणजे आज ड्रायव्हरची स्वतःची जीप असती तर कायद्यानं त्याला दारात घेतलं असतं. आण्णांना नाही.

मग मी माझं मत सांगितलं. मला कुणी पंच नेमलं नव्हतं, पण हेड माझ्या बाकड्यावर होतं. पंप मेला क्षारामुळे. रेडिएटर बुजलं क्षारामुळे. बोअरचं पाणी घालायला कुणी सांगितलं?

आण्णा म्हणाले, "कूलंटचा डबा कितीला येतो ठाऊक हाय का तुला? सगळेच पाणी घालतेत."

"सगळ्यांचीच हेडं माझ्याकडं येतेत, आण्णा."

ड्रायव्हरची चूक एक. पंधरा दिवस पाणी घटत होतं ते त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ३,२०० च्या पंपात काम झालं असतं. पण का सांगितलं नाही? मागच्या वेळी क्लचचं सांगितलं तेव्हा खर्च त्याच्याच रोजातून कापला होता. दुखणं सांगितलं की आपल्याच खिशाला चाट बसते हे ठाऊक असलेला माणूस दुखणं लपवतो. म्हणून माझ्या मते पार्ट आणि फेसिंग सगळं मालकाचं. ड्रायव्हरनं मजुरीतले दोन हजार द्यावेत, तेही दिवाळीपर्यंत, आणि त्याचे पाच दिवस बुडतील ते त्याचे त्यानं सोसले असं धरावं.

आण्णांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "बघू उद्या," म्हणाले आणि गेले. हेड फेसिंगला पाठवायचं की नाही तेसुद्धा बोलले नाहीत.

साडेपाच

शाळा सुटल्यावर शिक्षक पोरगं परत आलं. आम्ही दोघं लिंबाखाली बसलो आणि पत्र लिहायला घेतलं.

मला हे सगळं २४ डिसेंबरच्या एका कार्यक्रमात कळलं. १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्या तारखेला मंजूर झाला, म्हणून तो ग्राहक दिन. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. तिच्या एका वयस्कर कार्यकर्त्यानं जालन्यात त्या दिवशी दोन तास फळ्यावर लिहून समजावलं. तिसरा टर्बो मांडणीवर आल्यानंतरचं ते वर्ष होतं. मी वहीत सगळं उतरवून घेतलं.

आता २०१९ चा कायदा आहे. त्यात दोष म्हणजे काय हे सांगताना वॉरंटीची मुदत कुठंही घातलेली नाही. मुदत संपली म्हणून दार आपोआप बंद होत नाही, पण दोष मुळातला होता हे दाखवायचं ओझं आपल्यावर येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. गाडी छत्रपती संभाजीनगरला घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जालन्याच्या आयोगात दावा टाकता येतो. हे २०१९ नंतरच सोपं झालं. वस्तूला दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फीसुद्धा त्या किमतीवरच ठरते. पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा ते वीस लाखांना चारशे रुपये. म्हणजे याला चारशे. तपासल्याशिवाय दोष कळत नसेल तर आयोग तो भाग सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. सकाळी मी पाना उचलला नाही तो याचसाठी. तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. त्याहून जास्त लागतात, हेही मी त्याला सांगितलं. आशा लावून माणसाला उभं करायचं आणि मग सोडून द्यायचं, हे मला जमत नाही.

"मग नवी गाडीच मागू का?" तो म्हणाला.

नाही. वॉरंटीत भाग बदलून द्यायचं कबूल केलेलं असेल तर अख्खी गाडी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ठरवलंय. टर्बो माग. जेवढं खरं तेवढंच माग, म्हणजे ते टिकतं.

पत्रात चार गोष्टी मागितल्या. टर्बो मालकासमोर खोलावा. खोलताना फोटो काढू द्यावेत. नापास झाल्याचं कारण लेखी द्यावं. बदलला तर जुना भाग सही घेऊन परत द्यावा. वडलांच्या डायलिसिसमुळे दुरुस्ती थांबवता येत नाही, म्हणून पैसे भरावे लागले तर हरकत नोंदवून भरत आहोत, हक्क सोडलेला नाही, हेही लिहिलं. दोन्ही जॉब कार्डांचे फोटो जोडले. सहा वाजून दहा मिनिटांनी मेल गेला. मग १९१५ वर फोन लावून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली.

पाऊण तासात सर्व्हिस सेंटरचा फोन आला. मॅनेजर होते. "गुडविलमध्ये वीस टक्के सूट करून देतो, उद्या गाडी पाठवा."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "सर, सूट नको. आधी खोलून कारण सांगा, मग आपण टक्के बोलू." वर्गात पोरांना समजावतात त्या आवाजात म्हणाला. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग, "सोमवारी या, तुमच्यासमोर खोलू."

गुडविल या शब्दाला माझा जुना विरोध आहे. त्यात कंपनी देणारी आणि ग्राहक हात पसरणारा. वीस टक्के कुणाला, पन्नास कुणाला, हे ओळख आणि आवाज बघून ठरतं. जांबचा माणूस फोनवर अजिजीनं बोलतो म्हणून त्याला वीस. खरं तर हा साधा हिशेब आहे. नीट वापरलेला टर्बो दीड लाख किलोमीटर सहज जायला हवा, असं माझं हातावरचं माप सांगतं. हा ७१ हजारांना गेला. दोष भागाचा निघाला आणि वॉरंटीत तक्रार झालेलीच नव्हती असं धरलं, तरी निम्मं आयुष्य त्यानं उपभोगलं, निम्मं कंपनीनं दिलंच नाही. निम्मं बिल तरी कंपनीचं. आणि तक्रार आधीची आहे तेव्हा पूर्ण. हे गणित प्रत्येक वॉरंटीच्या कागदावर आधीच छापलं पाहिजे. किती किलोमीटरला कंपनीचा वाटा किती. मग कुणाला फोनवर आवाज बारीक करावा लागणार नाही.

दोष तेलाचा किंवा धुळीचा निघाला तर? तेही बोलून ठेवलं. मग त्रेसष्ट हजार त्याचे, आणि मी त्याच्याबरोबर जालन्याला येऊन तो दांडा स्वतःच्या डोळ्यांनी बघेन.

रात्री आठ

कामावरचं पोरगं झाडून घरी गेलं. काळी-पिवळीचा ड्रायव्हर मात्र गेला नव्हता. दुपारपासून त्यानं रेडिएटर घेतला होता. सळई घालून एकेक नळी मोकळी करत बसला होता, मी न सांगता. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. खाली फडक्यावर चुन्याचा ढीग, दोन मुठी भरतील एवढा.

जुना पंप मी मांडणीवर ठेवला. चिठ्ठीवर गाडी, किलोमीटर, तारीख लिहिली. कारणाच्या जागी लिहिलं: बोअरचं पाणी. सांगितलं नाही.

तेवढ्यात मोटारसायकल आली. आण्णांच्या मळ्यातला गडी. पाठीमागं आरओ प्लांटचा वीस लिटरचा जार बांधलेला. तो उतरवून त्यानं कट्ट्यावर ठेवला.

"आण्णानं दिलाय. म्हणले, गाडीत हेच घाला. न् कूलंट लावायचं असंल ते लावा."

"पैशाचं काय म्हणले?"

"त्याचं काय न्हाई बोलले. हेड सकाळच्या गाडीनं जालन्याला पाठवा म्हणले."

ड्रायव्हरनं सळई खाली ठेवली आणि हात फडक्याला पुसले. हेड पोत्यात गुंडाळून आम्ही दोघांनी उचललं आणि दारापाशी ठेवलं. जार उन्हात तापू नये म्हणून त्यानं तो उचलून आत, मांडणीच्या खालच्या फळीवर सरकवला.